दहा बाय दहाच्या खोलीत स्पीकर लावताना

स्पीकर आले, वायरी जोडल्या, अ‍ॅम्प सुरू झाला. तिथवर काही अडलं नाही. अडलं ते घुमण्यापाशी.

लातूरच्या आमच्या घरातली ही खोली १० बाय १० आणि स्लॅबही बरोबर १० फुटांवर. खाली शहाबादी फरशी, भिंतींना गुळगुळीत प्लास्टर. पखवाजाची थाप पडली की धुम्म लांबत जायचं आणि अभंगाचे शब्द त्यात बुडायचे. लोखंडी कपाटाचं दार थरथरायचं ते वेगळंच. आजोळच्या माळवदाच्या घरात, जाड मातीच्या भिंतींत, साधा ट्रान्झिस्टरही स्वच्छ ऐकू यायचा.

दुकानदाराचं एकच पालुपद, "फोम लावा साहेब, सगळं बसतंय." माणूस पाठवतो म्हणाला. उद्या, परवा, मग लगीनसराई. शेवटी तो माणूस उगवला, इंचभर जाडीचे टोकदार तुकडे चिकटवले आणि रोख पैसे घेऊन गेला. टाळीचा खणखणाट कमी झाला, हे खरं. धुम्म मात्र जिथल्या तिथं. परत फोन केला तर म्हणे, "मग सबवूफर घ्या." म्हणजे खास खर्जासाठीचा स्पीकर. घुमणाऱ्या खोलीत सबवूफर!

आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. १० फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज अडकून फुगतो. आमच्याकडं लांबी, रुंदी, उंची सारखीच, म्हणजे तिन्हीकडून तोच सूर. त्याची लाट २० फुटांची, तिला इंचभर फोम काय अडवणार? दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण खुर्ची सरकवण्याचं बिल होत नाही.

खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती. भिंतीलगत हा खर्ज सगळ्यात जास्त, खोलीच्या मधोमध जवळपास गायब. म्हणून ती भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणली. स्पीकर कोपऱ्यांतून काढून पुढच्या भिंतीपासून २ फूट, बाजूच्या भिंतींपासून अडीच फूट. दोघांत ५ फूट, खुर्चीपर्यंतही जवळपास तेवढंच. पहिल्यांदाच गाणारा मधोमध उभा राहिला! ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भोंगा, कानाच्या उंचीला हवा, त्यासाठी स्टूलही चालतं.

कोपऱ्यांत कापसाच्या जुन्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या, त्यानं घुमणं आणखी थोडं उतरलं. खाली सतरंजी. आई म्हणाली, खोलीचा जानवसा केलास.

बाजूच्या भिंतीवर कुणाला तरी आरसा सरकवायला लावा. खुर्चीतून आरशात स्पीकर दिसेल तिथूनच आवाज भिंतीवर आदळून कानाकडं येतो, तिथं वाकळ टांगा.

आणि हो, सगळ्यात आधी वायरी बघा. एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली तर खर्ज नाहीसा होतो आणि बाकीची खटपट वाया.

फोम उपटताना प्लास्टरचे पोपडे निघाले. रंगाऱ्याचा खर्च मागितला तर दुकानदार म्हणाला, "त्यावर नवा फोम लावून देतो की."