इस्तो

दोन घरांमधून विस्तव जात नाही म्हटलं की भांडण कुठवर गेलंय ते वेगळं सांगावं लागत नाही. वऱ्हाडात या विस्तवाचा इस्तो होतो. आगपेटीची काडी जपून वापरायच्या काळात जिची चूल सकाळी थंड, ती बाई शेजारी इस्तो मागायला जायची. गोवरीच्या तुकड्यावर निखारा, वर चिमूटभर राख, आणि वाऱ्याकडे पाठ करून घर गाठायचं. पीठ-मीठ उसनं नेलं तर परत द्यावं लागतं. इस्तो दिल्यानं देणाऱ्याचं काहीच उणं होत नाही. तोही द्यायचा नाही, म्हणजे वैर पक्कं.

मागायची वेळच येऊ न देणं हे खरं कसब. रात्री निखारे चुलीच्या कोपऱ्यात ओढायचे, मध्ये अर्धी गोवरी खुपसायची, वर दोन बोटं जाडीची कोरडी, भुसभुशीत राख. राखेतून हवा बेताचीच जाते, म्हणून गोवरी रात्रभर धुमसते. राख थापून बसवली तर इस्तो गुदमरतो, पातळ पडली तर पहाटेच्या आत जळून जातो.

सरपणही बघावं लागतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, ढणाढणा पेटते, चहा होतो, मागे मूठभर राख. तुराटीचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या झाडांचंही तेच. बाभूळ उशिरा धरते, पण तिचा निखारा टिकतो. माणसांतही या दोन्ही जाती असतात. पऱ्हाटीवाल्यांशी निभतं, राखेखाली धुमसणाऱ्यांशी जपून राहावं.

रोडग्यांना, म्हणजे निखाऱ्यांवर भाजायच्या कणकेच्या गोळ्यांना, मात्र जाळ नकोच. जाडसर कणकेत तेलाचं मोहन, मीठ, ओवा घालून घट्ट मळायचं. छोट्या पाऱ्यांना तेल लावून, पीठ भुरभुरून एकात एक बसवायच्या आणि गोळा वळायचा. गोवऱ्यांचा धूर, ज्वाळा सरून वर पांढरी राख धरली की रोडगे त्या निखाऱ्यांच्या आरात मांडायचे, फिरवत राहायचे, रंग आला की गरम राखेत झाकायचे. घाई केली तर वरून करपतात, आत पीठ कच्चंच. फडक्यात घोळवून राख झाडली, फोडून तूप सोडलं, की वांग्याच्या भाजीसोबत दुसरं काही लागत नाही.

शेतात रोडगे केले तर निघताना आरावर घागरभर पाणी ओतायचं, काठीनं उकरायचं, पुन्हा ओतायचं. वरची राख भिजलेली दिसते, खालची गोवरी धगधगत असते, आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गवत वाळलेलं असतं.