सात तारा, तेरा ठिपके

शनिवार, रात्री साडेदहा

आज डाव्या अंगठ्याला, नखाच्या कडेशी, घट्टा धरलाय. लाओशींनी (चिनीत शिक्षकांना असंच म्हणतात) अंगठा हातात घेऊन उजेडात पाहिला, "हं" म्हणाल्या आणि सोडून दिला. मला तेवढ्यानेच भरून आलं. कालव्याच्या काठाने घरी चालत येताना वाटभर तो अंगठा चाचपत होते.

गूछिन हे चिनी तंतुवाद्य शिकायला लागून सात महिने झाले. चीनमधल्या सूचौला नोकरीसाठी आले तेव्हा हे वाद्य पाहिलेलंही नव्हतं. चिनी तंतुवाद्य म्हटलं की डोळ्यांसमोर यायचं ते गूचंग: एकवीस तारा, प्रत्येक तारेखाली सरकवता येणारी घोडी, बोटांना चिकटपट्टीने बांधलेली नखं आणि धबधब्यासारखा आवाज. ते सभागृह भरून टाकतं. गूछिनने खोलीसुद्धा भरत नाही. शेजारच्या खोलीत केटल लावली तरी एखादा स्वर हरवतो. पूर्वीच्या विद्वानांनी अंगी बाणवायच्या चार कलांत याचा मान पहिला; बुद्धिबळासारखा पट, सुलेखन आणि चित्रकला त्याच्यामागून. ते वाजवायचं स्वतःसाठी, फार तर एखाद्या मित्रासाठी.

सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि वीतभर रुंद असं हे लाकूड. त्यावर झाडाच्या चिकाचं काळसर रोगण, त्यात हरणाच्या शिंगाची पूड कालवलेली. ना पडदे, ना तारांखाली घोड्या. सात तारा लाकडालगत जातात आणि पलीकडच्या काठाला शिंपल्याचे तेरा पांढरे ठिपके बसवलेले असतात. त्यांना ह्वेइ म्हणतात.

हे तेरा ठिपके म्हणजे वर्षाचे बारा महिने आणि एक जादाचा, असं लाओशींनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी खुर्चीतून उठलेच! अधिक महिना, आमचा धोंड्याचा महिना! मग माझ्या मोडक्यातोडक्या चिनीत जावयाला द्यायचे तेहतीस अनारसे समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. त्यांच्याही पंचांगात चंद्राचा आणि सूर्याचा हिशोब जुळावा म्हणून मधूनमधून महिना वाढवतात. सातवा ठिपका, तारेच्या बरोबर मध्यावरचा, तो अधिकाचा. वाद्याची लांबी जुन्या चिनी मापाने तीन छ्र, सहा त्सुन, पाच फन, म्हणजे वर्षाचे 365 दिवस.

पण ठिपके नुसते शोभेचे नाहीत. तारेचा अर्धा, तिसरा, चौथा, पाचवा हिस्सा जिथे पडतो तिथेच ते आहेत. तिथे बोट दाबायचं नाही, फुलपाखरू बसल्यासारखं टेकवायचं, आणि उजव्या हाताने छेडताक्षणी उचलायचं. घंटेसारखा स्वर येतो. याला आकाशाचा स्वर म्हणतात. मोकळ्या तारेचा स्वर पृथ्वीचा. डाव्या हाताने तार लाकडावर दाबून निघतो तो माणसाचा, आणि माझे सातही महिने त्या तिसऱ्यातच गेले.

अंगठा आडवा ठेवायचा, तारेखाली अर्धं नख आणि अर्धं मांस. अनामिका कडेवर. करंगळी वाजवण्यात कुठेच नाही, तिला "मनाई केलेलं बोट" म्हणतात. उजव्या हाताने एकदाच छेडायचं आणि मग डावा हात तारेवरून सरकत जातो. आमच्या मींडेसारखंच. स्वर विरत जातो पण हात थांबत नाही. चौथ्या-पाचव्या वळणावर ऐकू येते ती फक्त तारेवर कातडी घासल्याची सळसळ. मी तिथे हात उचलायचे. आज लाओशींनी माझ्या मनगटावर हलकेच हात ठेवला.

"उचलू नकोस. तो अजून आहे."

पुढच्या दोन वळणांत कानाला काहीही आलं नाही. तरी स्वर कुठे आहे ते बोटाला कळत होतं.

सोमवार

आईला व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवलं. ती मिरजेला, मी इथे, मध्ये अडीच तासांचं अंतर. तिची संध्याकाळची शिकवणी संपली होती, मागे तानपुरा अजून गवसणीत गेला नव्हता.

मी जीव लावून पूर्ण तुकडा वाजवला. ती कपाळाला आठ्या घालून फोनकडे बघत राहिली.

"अगं, काहीच येत नाही. कुणीतरी पाट घासतंय असं वाटतंय."

फोनला विरत जाणारा स्वर म्हणजे गोंगाट वाटतो आणि तो कापून टाकतो. आमच्या सगळ्या कॉलमध्ये असं काय काय कापलं गेलं असेल, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही. शेवटी ध्वनिमुद्रण करून पाठवलं. रात्री तिचा आवाजी निरोप आला. आधी काही बोललीच नाही, सरळ गायली: प ध सा रे ग प ध. मग म्हणाली, "तारा अशा लावल्यात ना? अगं, हा तर भूप!"

खरंच तसंच आहे. तिसरी तार षड्ज धरली की पहिलीपासून सातवीपर्यंत हेच स्वर. मला ते कळायला दोन महिने लागले होते, तिला एका ऐकण्यात कळलं.

तिचा दुसरा निरोप लगेच आला. "याला जवारी नाही. मग स्वर टिकतो कसा?"

आमच्या गावात तानपुरे घडवणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. घोडीवर तारेखाली दोरा एक केसभर सरकवला की स्वर फुलतो आणि फुललेलाच राहतो. लहानपणी मी आईसमोर बसून ती जवारी उघडताना पाहायची. स्वर टिकवायचा असतो हे मी तिथे शिकले. आता स्वर जाऊ द्यायचा आणि त्याच्यामागून चालायचं, हे शिकतेय. तसं तिला लिहिलं. उत्तर आलं, "पुन्हा पाठव. या वेळी पंखा बंद करून."

पाठवलेला तुकडा म्हणजे "श्येनवंग त्साव", इथल्या बहुतेकांचा पहिला धडा. एकच स्वर दोन तारांवर, एक दाबलेली, एक मोकळी. दोन्ही जुळतात का ते ऐकायचं. तोंडाने "श्येन-वंग, श्येन-वंग" म्हणायचं, म्हणजे चिरंजीव म्हाताऱ्या योग्याला हाक. तारा लावता लावताच त्याची रचना होते. आईही मुलींना पहिले कित्येक आठवडे नुसता सा लावायला बसवते.

गुरुवार

थकवा आहे, थोडंच लिहिते. आज गूछिनची स्वरलिपी. एका चौकोनी अक्षरात डाव्या हाताचं बोट, ठिपक्याचा आकडा, उजव्या हाताचं बोट, त्याची दिशा आणि तारेचा आकडा, सगळं मावतं. एकच गोष्ट नाही, स्वर किती वेळ धरायचा ते. मिंग राजपुत्र चू छ्वेनने 1425 साली छापलेल्या संग्रहातल्या रचना आजचे वादक महिनोन्महिने हातात घोळवतात तेव्हा कुठे त्या उभ्या राहतात. आईच्या कपाटातली भातखंड्यांच्या लिपीतली वही आठवली. त्यातली एकही बंदिश तिने आम्हाला वहीवरून शिकवली नाही.

रविवार

हे आजच लिहून ठेवायला हवं.

वर्ग संपल्यावर लाओशींनी चहा टाकला आणि "लिउश्वेइ", वाहतं पाणी, वाजवून दाखवलं. ही रचना माझ्यापासून अजून कितीतरी वर्षं दूर आहे. मध्ये उजवा हात साती तारांवरून येरझाऱ्या घालत राहतो आणि पूर आल्यासारखं होतं. तो भाग एकोणिसाव्या शतकातल्या सिच्वानच्या चांग खुंगशान यांच्या नावावर सांगतात. मूळ गोष्ट फार जुनी, इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक. बो या वाजवायचा आणि चुंग झछी ऐकायचा. मनात डोंगर असेल तर झछी म्हणायचा डोंगर, मनात पाणी असेल तर म्हणायचा पाणी. झछी गेला तेव्हा बो याने वाद्य फोडलं आणि पुन्हा कधी वाजवलं नाही. जिवलग मित्राला चिनीत आजही "स्वर जाणणारा" म्हणतात.

"ही रचना आकाशात गेलीय," लाओशी म्हणाल्या. 1977 च्या व्हॉयेजर अंतराळयानांवरची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी. तिच्यावर ग्वान फिंगहूंनी वाजवलेलं "लिउश्वेइ" आहे, साडेसात मिनिटांहून जास्त.

मी म्हटलं, आमच्याही एक बाई त्या तबकडीवर आहेत. गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर, भैरवी, "जात कहाँ हो". आमच्या घरी हे कुणीतरी पाहुण्याला सांगितल्याशिवाय राहत नाही. लाओशींना हे ठाऊक नव्हतं.

मग मी फोनवर त्या सत्तावीस रचनांचा क्रम काढला. तो मी कधी पाहिलाच नव्हता. "लिउश्वेइ" संपलं की लगेच पुढची केसरबाईंची भैरवी. मध्ये दुसरं काही नाही.

दोघी बराच वेळ गप्प बसलो. ग्वान फिंगहू 1967 साली गेले, यानं निघाली त्याच्या दहा वर्षं आधी. केसरबाई गेल्या 16 सप्टेंबर 1977 ला, दुसरं यान उडाल्यावर अकराव्या दिवशी. त्यांची कधी भेट झाली नाही. आणि एवढी वर्षं ते लागोपाठ दूर दूर चालले आहेत.

"लाव," लाओशी म्हणाल्या.

आधी ग्वान फिंगहूंचं लावलं, पूर्ण. शेवटचे घंटेसारखे स्वर विरले आणि पुढची रचना सुरू झाली. केसरबाईंचा तो रुंद, खुला आवाज त्या लहानशा खोलीत आला. शब्दांचा अर्थ लाओशींनी विचारला नाही, मीही सांगितला नाही. त्यांचा डावा हात समोरच्या गूछिनवर टेकलेला होता, उजवा मांडीवर. केसरबाईंची मींड खाली उतरू लागली तसा लाओशींचा अंगठा न छेडलेल्या तारेवरून तिच्याबरोबर सरकत गेला, आणि गाणं थांबल्यावरही सरकत राहिला.