अखेर ०.२५ च्या लाईनी टिकल्या!

टिकल्या!! घरी सर्किट बोर्ड बनवतोय, त्यात काल रात्रीच्या बोर्डावर ०.२५ मिमीच्या सगळ्या लाईनी डेव्हलपरमधून (उजेड न लागलेली फिल्म धुऊन काढणारं सोड्याचं पाणी) जशाच्या तशा बाहेर आल्या. मागच्या तीन अपडेटमध्ये जे रडगाणं होतं तेच, एटीमेगा ३२८ या चिपच्या पायांपाशी (पायांच्या मध्यांत ०.८ मिमी अंतर) ड्राय फिल्म (तांब्यावर चिकटवायची, उजेडानं कडक होणारी फिल्म, ती झाकते तेवढंच तांबं शेवटी उरतं) उठायची, सोड्याच्या पाण्यात बोर्ड जरा हलवला की जांभळे दोरे सुटून तरंगायला लागायचे. जाड ट्रॅक शाबूत, ग्राउंड शाबूत, बारीक तेवढे जायचे.

मी एक्स्पोजरच्याच (फिल्मला यूव्ही उजेड किती वेळ द्यायचा त्याच्या) मागे लागलेलो. नेल लॅम्पखाली (नेलपॉलिश सुकवायचा यूव्ही दिवा) पुठ्ठा दर १५ सेकंदाला सरकवत ३० पासून १८० पर्यंत पट्टी काढली. ९० ला फिल्म मस्त गडद होते, १५० च्या पुढं दोन लाईनींमधली फट धुतलीच जात नाही, म्हणजे वेळ बरोबर होती. टोनरची बाजू खाली, दोन ट्रान्सपरन्सी (सर्किट छापलेल्या पारदर्शक शीट) एकावर एक, वर काच, तेही बरोबर. मग धुण्याचा सोडा चमच्याऐवजी वजनकाट्यावर मोजला, लिटरला १० ग्रॅम सुकी पावडर (खडे असतील तर २७ घ्या, त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं). तरी उठायच्याच.

शेवटी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर असणारा मित्र आला आणि बोर्ड बघून म्हणाला, "पावसात आमच्या घासलेल्या जॉबवर रातीत गंज चढतंय, तुझं तांबं काय कोरडं राहणार गा?"

खानापुरातला पाऊस तुम्हाला माहीत आहे, भिंतीसुद्धा ओल्या. भिंगाखाली बघितलं तर स्क्रबरच्या ओरखड्यांवर फिल्मखाली पांढरे ठिपके, रव्यापेक्षा बारीक. जाड ट्रॅकला असा एक ठिपका काही करत नाही, कडा धरून ठेवतात, पण पाव मिलीमीटरच्या लाईनीला धरायला उरतंय काय! आता घासून पुसलं की बोर्ड जुन्या तव्यावर मंद आचेला, हाताला जेमतेम सोसेल इतका गरम, आणि तसाच लगेच लॅमिनेटरमध्ये. ठिपके गायब. फिल्मचा आतला संरक्षक पापुद्रा दोन चिकटपट्ट्यांनी टर्रकन सुटला आणि फिल्म तांब्यावर अशी बसली की नखानंसुद्धा हलेना, ते बघत मी दहा मिनिटं नुसता बसलो होतो.

फिल्म घेताना नळीवर गुंडाळलेलीच मागा, घडी घालून पाठवतात ती घेऊ नका, घडीवर लाईन तुटतेच. बोर्ड एफआर४ च (काचेच्या धाग्यांचा) घ्या, तपकिरी कागदी बोर्डाचे पॅड दुसऱ्यांदा सोल्डर करताना सुटतात.

एचिंग (उघडं तांबं विरघळवणं) सुरळीत झालं, फेरिक क्लोराईडचा ट्रे गरम पाण्यात ठेवून १२ मिनिटं. वापरलेलं कॅनमध्ये साठवतोय, गटारात अजिबात ओतू नका, त्यात तांबं असतं.

पुढं हिरवा सोल्डर मास्क (ट्रॅकवरचा संरक्षक थर) करणार होतो, पण हे टाईप करतानाच डोक्यात आलं, ओलीशी भांडायचं कशाला? वेट लॅमिनेशन करतातच की, पूर्ण पाण्याचा पातळ थर दिला तर रोलर पाण्याबरोबर हवाही बाहेर ढकलेल, अर्धवट ओलच घात करते. मास्क राहू दे. एकाच बोर्डाच्या दोन पट्ट्या कापल्यात, एक तव्यावरची, एक ओली, लाईट आहे तोवर लॅमिनेटर तापायला लावतो.