तुम्ही विचारलंत म्हणून: चॅम्पियन नेमकं कुठे बघतात?

माझ्या लॅबमध्ये सेलर, म्हणजे शिडाची होडी चालवणारे, सिम्युलेटरवर, म्हणजे नकली होडीत बसतात आणि आय ट्रॅकर, म्हणजे नजर टिपणारं यंत्र, ते कुठे बघतात ते नोंदवतं. मग पालक विचारतात, कोच विचारतात, लॅब बघायला आलेले पाहुणे तर विचारतातच. आधी "हा व्हिडिओ गेमच की" म्हणून हसून होतं, आणि पाच मिनिटांनी तेच हळूच, मॅडम, चांगले सेलर कुठे बघतात तेवढं सांगा ना, मुलांना तिथेच बघायला लावू.

गेमचं आधी उरकते. पाण्यावर दोघांना सारखा वारा कधीच मिळत नाही, मग कौशल्य कुणाचं आणि नशीब कुणाचं हे ठरवणार कसं? सिम्युलेटरवर मी ठरलेल्या क्षणी वारा 10 अंश फिरवते, तो प्रत्येकाला तसाच्या तसा मिळतो. शिवाय आय ट्रॅकर इन्फ्रारेडवर चालतो, भर उन्हात त्याला डोळ्याची बाहुली धड सापडत नाही, वर काचेवर पाणी उडतं ते वेगळंच. खऱ्या होडीतही लोकांनी हे मोजलंय, पण त्यात पार घाम निघतो.

आता नजरेचं. एक मुलगी आली होती, शाळकरी, रेसमध्ये बऱ्यापैकी पुढे असणारी. रन झाल्यावर कोचने रेकॉर्डिंग मागितलं आणि मोठ्या स्क्रीनवर सगळ्या मुलांसमोर लावलं. तिच्या नजरेचा लाल ठिपका शिडावरच्या टेलटेल्सवर, म्हणजे त्या वाऱ्यासोबत फडफडणाऱ्या दोऱ्यांवर, चिकटून बसलेला. "बघा, नवशिक्यासारखी दोऱ्यांकडे बघत बसते!" झालं, पोरं हसली. पुढच्या रनला तिने नजर मुद्दाम लांब मार्कवर, म्हणजे रेसमध्ये जिथून वळायचं त्या खुणेवर, नेली, ठिपका शिडाकडे जायला लागला की मान झटकून परत आणायची, आणि वारा फिरला तो तिला कळलाच नाही, शीड फडफडायला लागलं तरी टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, होता तिथेच. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, आता कुठे बघू?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही, म्हणून तर चिडते. स्पष्ट दिसतं ते जेमतेम 2 अंशांत, हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख दिसतं साधारण तेवढंच. ठिपका त्या नखाएवढ्या जागेचं सांगतो. कडेच्या नजरेने तिने काय टिपलं ते त्यात नाही. आणि सिम्युलेटरमध्ये मानेला वारा लागत नाही, लाटेचा धक्का बुडाला कळत नाही, मग वारा ओळखायला तिने दोऱ्यांचा आधार घेतला असेल तर तो अडाणीपणा की शहाणपणा? पाण्यावर ती तशी बघतही नसेल.

सुरुवातीची मी यावर म्हणाली असती की सँपल वाढवा, पॅटर्न दिसेल. पॅटर्न दिसतो हो! चांगले सेलर आणि नवशिके वेगळं बघतात, हे खरंच आहे. पण ते तसं बघतात म्हणून चांगले, की चांगले झाल्यामुळे तसं बघणं त्यांना परवडतं? त्या सुरुवातीच्या बाईशी माझं भांडण अजून चालू आहे, आणि कधीकधी तीच जिंकते, कारण काहीच मोजलं नाही तर उरतो फक्त कोचचा अंदाज.

हल्ली मी रेकॉर्डिंग आधी त्या सेलरला एकट्याला दाखवते आणि विचारते, इथे काय चाललं होतं डोक्यात? तो कोच मात्र ठाम आहे की त्या दिवशी सुनावलं म्हणूनच पोरगी सुधारली. सुधारली हे खरं. कशामुळे, ते सांगणारा डेटा त्याच्याकडे नाही, आणि खोडून काढणारा माझ्याकडे नाही.