वन, टू, ड्राय, फीअर

शनिवार, रात्री साडेअकरा

आज घरमालकांचा टेपरेकॉर्डर अखेर चालला. तीन आठवडे तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडा पडून होता. जुना ग्रुंडिग. आतला रबरी बेल्ट विरघळून काकवीसारखा चिकट झाला होता. चाकांवरून तो स्पिरिटने पुसून काढण्यातच दोन संध्याकाळी गेल्या. नवा बेल्ट परवा टपालाने आला, आज बसवला, आणि साठ वर्षांपूर्वीची चार पोरं माझ्या स्वयंपाकघरात वाजवायला लागली.

जर्मनीतल्या एर्लांगेनजवळच्या या गावात मी चार वर्षं राहते आहे. वर मी, खाली घरमालक. ते आयुष्यभर बेकर होते एवढंच मला माहीत होतं. 1964 ते 1967 अशी तीन वर्षं ते एका बीट बँडमध्ये, म्हणजे बीटल्सच्या धाटणीचं संगीत वाजवणाऱ्या गटात, गिटार वाजवायचे, हे मात्र माळा आवरताना कळलं. टेपच्या डब्याबरोबर एक वही निघाली आणि ती हातात घेऊन ते तिथेच पायरीवर बसले.

त्या वहीवर लिहावं तितकं थोडं आहे. पानापानावर इंग्रजी गाणी, पण जर्मन स्पेलिंगमध्ये, कानाला ऐकू आली तशी. त्यांच्या शाळेत इंग्रजी नव्हतंच. एर्लांगेनला तेव्हा अमेरिकन छावणी होती, त्या सैनिकांसाठीचं एएफएन रेडिओ स्टेशन इथे स्वच्छ लागायचं. गाणं लागलं की दोघांनी पेन्सिल घेऊन बसायचं, एकाने पहिली ओळ टिपायची, दुसऱ्याने दुसरी. राहिलेल्या जागी टिंबं. पुन्हा ते गाणं कधी लागेल त्याची वाट बघायची. मला एकदम आत्याची गाण्यांची वही आठवली. बिनाका गीतमाला लागली की ती असंच पळत जाऊन लिहायला बसायची आणि अशीच टिंबं सोडायची. मी तसं सांगितलं, तर त्यांनी आत्याचं वय विचारलं. दोघं एका वर्षाचे निघाले.

हॅम्बर्गचा स्टार-क्लब हा संगीताचा क्लब 13 एप्रिल 1962 ला उघडला तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं, ‘हाल संपले! खेडेगावच्या वाजंत्रीचे दिवस गेले!’ पहिल्या रात्री बीटल्स वाजवत होते. तिथल्या लोकांना खरंच वाटलं असेल तसं. पण हॅम्बर्ग इथून जवळपास सहाशे किलोमीटर, आणि घरमालक तिथे कधीच गेले नाहीत. 24 जून 1966 ला बीटल्स म्युनिकला आले, तेव्हाही शुक्रवार असल्यामुळे बेकरीतून सुट्टी मिळाली नाही. मग हे संगीत इथवर आणलं कोणी? या पोरांनीच. गास्टहाउसच्या, म्हणजे गावच्या खानावळीच्या, मागच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी, जिथे आदल्या रात्री पितळी बँडवर पोल्का नाच झालेला असायचा. केर्वाला, म्हणजे इथल्या चर्चच्या जत्रेला, मांडवात. खेडेगावची वाजंत्री संपली नव्हती, तिने फक्त हातात गिटार घेतली होती.

आणि गिटार तर शेजारच्याच गावातली. बुबेनरॉयट इथून सायकलच्या अंतरावर. युद्धानंतर चेकोस्लोवाकियातल्या शोनबाखमधून जर्मनभाषक व्हायोलिन कारागिरांना हाकलून लावलं, त्यातले कितीतरी जण 1949 पासून इथे वसवले गेले. ह्योफ्नर कंपनी त्यांतलीच. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बर्गला घेतला तो व्हायोलिनच्या आकाराचा बास गिटार त्यांचाच. तो डावखुरा, आणि हा आकार दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही. या बँडमधल्या बासवाल्याचे वडील शोनबाखहून निर्वासित म्हणून आलेले, गिटारच्या माना घासायचे काम करायचे. ज्यांचं घरदार गेलं त्यांच्या हातची वाद्यं जगभर गेली, हे मला फार मोठं वाटतं, आणि इथे कोणी त्याचा गाजावाजा करत नाही.

मुलाने मात्र बास हप्त्यांवर घेतला. तेव्हा एकविसाव्या वर्षापर्यंत माणूस अल्पवयीन धरला जायचा, म्हणून कागदावर सही वडिलांची. अ‍ॅम्प्लिफायरला पैसे उरले नाहीत. पहिलं वर्षभर गिटारची वायर घरच्या मोठ्या रेडिओच्या मागे, रेकॉर्ड प्लेअरच्या भोकात खुपसलेली. आईला बातम्या ऐकायच्या असल्या की सराव बंद.

25 सप्टेंबर 1965 च्या शनिवारी टीव्हीवर ‘बीट-क्लब’ हा या संगीताचा कार्यक्रम सुरू झाला. निवेदकाने आधीच, ज्यांना हे संगीत आवडत नाही त्यांची माफी मागितली होती. घरमालकांनी तो भाग गास्टहाउसमधल्या टीव्हीवर उभ्याने पाहिला. त्या दिवसानंतर गावातली मोठी माणसं पोरांच्या लांब केसांवरून बोलायची कमी झाली का, असं मी विचारलं. ‘नाही, जास्त बोलायला लागली,’ ते म्हणाले.

बँड भांडणाने मोडला नाही. 1967 मध्ये ड्रमरला सैन्याचं पत्र आलं. तेव्हा सक्तीची सेवा अठरा महिन्यांची. तो परत येईस्तोवर दुसऱ्याचं पत्र. त्यानंतर लग्नं, बेकरीची पहाटे तीनची पाळी. रेकॉर्ड एकही निघाली नाही. ही बावीस मिनिटांची टेप तेवढी आहे.

ती आम्ही आज दोनदा ऐकली. सूर उतरलेले, गाणाऱ्याचा आवाज लांबून, मध्येच ग्लास आपटल्याचे आवाज. पण प्रत्येक गाण्याआधी ड्रमर काठ्या वाजवत मोजतो: ‘वन, टू, ड्राय, फीअर.’ सुरुवात इंग्रजीत ठरवून केलेली, आणि तिसऱ्या अंकाला घाईघाईत आपली भाषा तोंडात येते. सातही गाण्यांना तसंच. सातव्यापर्यंत माझे डोळे भरून आले होते.

घरमालकांनी फोन लावला. ड्रमर दोन गावं पलीकडे राहतात. रिसीव्हर स्पीकरपाशी धरून त्यांनी पहिलं गाणं पूर्ण ऐकवलं. तिकडून बराच वेळ काही नाही. मग ते म्हणाले, ‘मी लय पळवायचो का रे?’

‘नेहमीच,’ घरमालक म्हणाले, आणि टेप पुन्हा मागे घेतली.