एका श्वासात डोहाच्या तळाशी: हाताने झिंगे धरण्याचा माझा अनुभव

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीकडच्या आमच्या नदीचे पाणी दिवाळीनंतर निवळू लागते आणि माघ-फाल्गुनापर्यंत धार बारीक होऊन खडकाळ पात्रात ठिकठिकाणी दीड-दोन पुरुष खोलीचे डोह उरतात. या डोहांच्या तळाशी, खडकांच्या कपारींत, लांब नांग्यांचा मोठा झिंगा दडलेला असतो. तो रात्री चरायला निघतो आणि दिवसा सहसा बाहेर येत नाही, त्यामुळे दिवसाउजेडी त्याला धरायचे तर बुडी मारून त्याच्या दारापर्यंत आपणच जावे लागते. जाळे किंवा गळ न वापरता, एका श्वासात खाली जाऊन नुसत्या हाताने झिंगा धरण्याची ही रीत मी शेजारच्या ढिवर, म्हणजे मासेमार समाजातल्या, काकांकडून शिकलो. नदीवरच ज्यांचे आयुष्य गेले आहे अशा माणसाकडून ती शिकायला मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो.

काकांनी मला पुष्कळ दिवस झिंग्याकडे फिरकूच दिले नाही. काठावर बसून पोटाने सावकाश श्वास घ्यायचा, सोडताना घेण्यापेक्षा अधिक वेळ लावायचा, खांदे आणि मान सैल सोडायची आणि शेवटचा एकच श्वास भरपूर घेऊन चेहरा पाण्यात घालायचा, एवढाच अभ्यास होता. थंड पाणी चेहऱ्याला लागले की हृदयाचे ठोके मंदावतात, हे मला तेव्हा प्रत्यक्ष जाणवले. बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घेण्याला काकांची सक्त मनाई होती. तिच्यामागचे कारण मी नंतर वाचून समजून घेतले. श्वास घेण्याची तगमग प्राणवायू संपत आल्यामुळे होत नाही, ती रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. भराभर श्वास घेतल्याने हा वायू आधीच कमी होतो, प्राणवायूचा साठा मात्र फारसा वाढत नाही. मग तगमग उशिरा होते आणि ती होण्याआधीच माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो. चांगल्या पोहणाऱ्यांचेही जीव असे गेले आहेत, म्हणून आमच्यात एकट्याने बुडी मारण्याची पद्धत नाही. एकजण खाली असताना दुसरा वर राहून पाहतो, आणि खालचा वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याच्यावरची नजर काढत नाही, कारण भोवळ पुष्कळदा वर आल्यानंतर येते. दोन बुड्यांच्या मध्ये, पाण्याखाली घालवलेल्या वेळेच्या निदान दुप्पट वेळ विश्रांती घ्यायची, हा नियमही आम्ही मोडत नाही.

एक पुरुषाहून खाली गेले की कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबली की कान मोकळे होतात, पण हे दुखण्याची वाट न पाहता आधीपासून करत जावे लागते. पोहण्याचा साधा चष्मा नाकाबाहेर असल्यामुळे त्याच्या आतला दाब वाढवता येत नाही आणि तो डोळ्यांवर आवळतो, म्हणून मी नाकासकट चेहरा झाकणारा मुखवटा वापरतो. काका उघड्या डोळ्यांनी जातात आणि बहुतेक काम बोटांच्या अंदाजाने करतात. मुखवट्यातून पाहताना पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसते, त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबले तर हात अलीकडेच थांबतो. शेवटची वीतभर वाट बोटांनीच चाचपायची, हे काकांचे सांगणे मुखवटा लावणाऱ्यालाही तितकेच लागू पडते.

कपारीत झिंगा असल्याची पहिली खूण म्हणजे काठाबाहेर आलेल्या दोन लांब, बारीक मिशा. मिशा दिसल्या म्हणून लगेच हात घालू नये. आधी बांबूची काडी हळूच आत फिरवून पाहावी, कारण त्याच कपारीत दिवड, म्हणजे पाणसाप, असू शकते, आणि गाळ साचलेल्या कपारीत शिंगी मासा असला तर त्याच्या काट्याच्या विषाने हात तासन्‌तास ठणकतो. दिवड बिनविषारी असली तरी कडकडून चावते. एवढी खात्री झाली की खरे काम सुरू होते. काकांनी मला ते एका वाक्यात सांगितले होते: "झिंगा मांगं पळते, हात मांगून लाव." धोका जाणवताच झिंगा शेपटीचा झटका देऊन मागच्या मागे उसळतो. समोरून झडप घातली तर हाती फक्त गढूळ पाणी लागते. म्हणून एक हात त्याच्या नांग्यांसमोर, त्याला दिसेल असा, पण अगदी संथ न्यायचा. त्याचे लक्ष तिकडे राहते आणि तो इंच इंच मागे सरकू लागतो. दुसरा हात तोवर खडकाला घासत शेपटीमागे नेऊन उघडा ठेवायचा, आणि त्याची पाठ तळव्याला टेकली की अंगठा व बोटे पाठीच्या कवचावर, नांग्यांच्या मागे, मिटायची. पिळायचे नाही आणि ओढायचेही नाही, कारण ओढले तर तो नांगी तोडून देतो आणि निसटतो. हे सारे श्वासाचा निम्मा भाग शिल्लक असतानाच व्हावे लागते, कारण हात घाईने हलला की झिंगा गेलाच. पहिला मोठा नर अशा रीतीने माझ्या मुठीत आला, तेव्हा त्याच्या शेपटीची ताकद मनगटापर्यंत जाणवली आणि वर येऊन श्वास घेण्याआधीच मला हसू फुटले.

हाताने धरण्याचे मला सर्वांत मोल वाटते ते निवडीसाठी. बोटांना कवच मऊ लागले तर झिंग्याने नुकतीच कात टाकलेली असते. त्याला तिथेच सोडतो. वैशाख लागला की पोटाखाली अंड्यांचा घोस घेतलेल्या माद्या सापडू लागतात. त्याही परत कपारीत. डोहात औषध ओतणारे किंवा विजेची तार सोडणारे लोक आमच्याकडेही आहेत, आणि त्यांच्या हातून पिल्लू, मादी, मासा काहीच वाचत नाही, याचा मला मनापासून संताप येतो. गोदावरीच्या खोऱ्यातल्या या मोठ्या झिंग्याच्या पिलांना सुरुवातीचे दिवस खारट पाणी लागते. इथे फुटलेल्या अंड्यांतली पिल्ले वैनगंगेतून, वर्धा मिळाल्यावर प्राणहितेतून आणि सिरोंचाजवळ गोदावरीतून समुद्राच्या तोंडापर्यंत वाहत जायला हवीत आणि तिथून पुन्हा उलट पोहत वर यायला हवीत. या वाटेवर चामोर्शीजवळ चिचडोह बंधारा आहे, पुढे २०१९ साली सुरू झालेले मेडिगड्डा बॅरेज आहे आणि शेवटी धवळेश्वरमचा बंधारा, ज्याचे मूळ बांधकाम १८५२ साली पूर्ण झाले. एवढे अडथळे ओलांडून जो आमच्या डोहापर्यंत पोचतो, त्याची पुढची पिढी आपल्या टोपलीत संपू नये असे मला वाटते.

धरलेले झिंगे ओल्या फडक्यात, सावलीत ठेवतो आणि एका घराला पुरतील इतकेच घेतो. घरी पोचताच डोके वेगळे करावे लागते, कारण डोक्यातल्या पाचकरसाने मांस लवकर भुसभुशीत होते. आई मग ते वांग्यांबरोबर लाल तिखटाच्या रश्शात शिजवते, आणि मोठ्या नरांच्या नांग्या कुटून त्याच रश्शात टाकते.