आमची वाटचाल: चरख्यापासून बाळंतविड्यापर्यंत

खान्देशात शिवारभर कापूस, पण बाळाचं टोपडं मात्र बाजारातल्या ॲक्रिलिकचं. जळगावचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांवर जातो. ॲक्रिलिक घाम टिपत नाही, बाळाला घामोळं येतं. म्हणून आम्ही फैजपूरला हातसुताचं विणकाम सुरू केलं: चरख्यावर कातलेल्या सुताची टोपडी, झबली, दुपटी, सगळी दोन सुयांवर विणलेली.

फैजपूरला चरख्याचं नवल नाही. 1936 साली काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन इथेच भरलं. पण चरख्यावर एरवी निघणारं सूत हातमागासाठी असतं. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, घट्ट पिळाचं लागतं, नाहीतर तुटतं. तेच सुयांवर घेतलं तर बोटांना काचतं आणि कापड कडक होतं. शिवाय एकपदरी सुतातला पीळ उलगडू पाहतो. धुतल्यावर टाके तिरके पडतात, झबल्याची बगलेतली शिवण पोटावर येते.

म्हणून आम्ही सैल पिळाचं, दोनपदरी सूत करून घेतो. कातताना पीळ ज्या दिशेने, पदर जोडताना त्याच्या उलट. मग दोन्ही पीळ एकमेकांना सावरतात. हातभर सूत घेऊन दोन्ही टोकं जवळ आणायची. मधला झोळ स्वतःभोवती गुंडाळला नाही, तर सूत जमलं. आमच्या बायका हे न बघता, नुसत्या बोटांनी सांगतात. घट्ट कातायची जुनी सवय त्यांनी मोडली, याचं मला फार कौतुक आहे.

सुताच्या लडी धुण्याच्या सोड्यात उकळाव्या लागतात. कच्च्या कापसावर मेणाचा पातळ थर असतो, तो निघेपर्यंत सूत पाणी पीत नाही. उकळून पाणी पिवळट तांबूस झालं की समजायचं. सूत जे काही आटायचं, ते बरंचसं इथेच आटतं.

कापसाला लोकरीसारखी लवचीकता नाही. उलट-सुलट टाक्यांची कडही वापरून सैल पडते. त्यामुळे सुया एक नंबर बारीक घेतो आणि टोपड्याला बंद लावतो. पायमोजे करत नाही, ते पायात टिकत नाहीत.

किमतीत सगळ्यात मोठा वाटा मजुरीचा आहे. घासाघीस केली तर पैसे कातणारीच्या आणि विणणारीच्या हातातून जातात, म्हणून आमचा भाव एकच. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, पण तो कमी करणार नाही.

बाळंतविड्याची, म्हणजे बाळाच्या कपड्यांच्या संचाची, ऑर्डर डोहाळजेवणाच्या सुमारास द्यावी, कातायला आणि विणायला वेळ लागतो. बाळ व्हायच्या आधी कपडे घरात आणू नयेत, असं बऱ्याच घरी मानतात. अशांचा विडा आम्ही बांधून आमच्याकडेच ठेवतो आणि बाळ झाल्याचा फोन आला की पाठवतो.